उरलेल्या वर्गणीचे मालक

मार्च महिना आला की शोळिंगनल्लूरमधल्या दोन प्रकारच्या शाळांत पैशाची अडचण उभी राहते. खाजगी शाळेतल्या पालकांच्या गटाकडे वर्षभराच्या वर्गणीतले काही हजार रुपये उरलेले असतात आणि त्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे अनुदान अनेकदा उशिरा पोचतं, आणि एकतीस तारखेच्या आत ते खर्ची पडलं नाही तर परत जातं. एका ठिकाणी पैसा उरतो, दुसऱ्या ठिकाणी तो उरूच देत नाहीत. या दोन शाळांत अंतर असतं ते जेमतेम काही किलोमीटरांचं.

हा भाग न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. शोळिंगनल्लूर हा चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरचा भाग. २०११ साली तो महापालिकेत आला आणि आता पालिकेचा पंधरावा विभाग त्याच्याच नावाचा आहे. आयटी कंपन्यांमुळे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेली मराठी कुटुंबं इथल्या उंच इमारतींत बरीच आहेत. त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की सेम्मंजेरीची पुनर्वसन वसाहत लागते, आत वळलं की पेरुंबाक्कमची. नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतून उठवलेली आणि सुनामीत घर गेलेली कुटुंबं या वसाहतींत आणून बसवली गेली. तिथल्या बायका आमच्या इमारतींत स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येतात. त्यांची बहुतेक मुलं सरकारी शाळेत जातात आणि थोडी मुलं शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांवर आमच्याच मुलांच्या बाकावर बसतात. उरलेल्या वर्गणीचा विचार या शेजाऱ्यांना वगळून करता येत नाही, असं मला वाटतं.

खाजगी शाळेतल्या वर्गाच्या गटात पैसा कसा जमतो ते पाहा. जूनमध्ये शाळा उघडली की कुणीतरी उत्साही आई पुढाकार घेते. शिक्षकदिनाची भेट, पोंगलची सजावट, बालदिनाचा खाऊ, स्नेहसंमेलनाचे कपडे. दर वेळी मागत बसण्यापेक्षा एकदाच पाचशे रुपये काढू या, असं ठरतं. पैसे जीपेवर तिच्या स्वतःच्या बचत खात्यात जातात. मग गटावर यादी पडते. मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने, ज्याचे पैसे आले त्याच्यापुढे हिरवी खूण. जो पैसे भरतो तो यादी उतरवून घेतो, स्वतःच्या मुलापुढे खूण करतो आणि पुन्हा टाकतो. दर तासाला यादी हिरवी होत जाते. दोन-तीन दिवसांनी तीन-चार नावं कोरी राहतात आणि ती गटातल्या सगळ्यांना दिसत असतात. उघड बोलत कुणी नाही, ‘जेंटल रिमाइंडर’ मात्र येतो.

या कोऱ्या नावांत विसराळू बाप असतात, तसंच पंचवीस टक्क्यांतलं मूलही असतं. माझ्या ओळखीतल्या एका आईने हे पाचशे रुपये कामाच्या घरून पगारातून उचल घेऊन भरले. यादीतल्या मुलाच्या नावाकडे तिच्याच मुलाच्या वर्गातली माणसं बघत होती. ‘जमणार नाही’ हे तिथे लिहायची तिची हिंमत झाली नाही. वर्ष संपलं तेव्हा काही हजार उरले. पुढाकार घेणाऱ्या आयांनी एका हॉटेलात शिक्षकांसोबत जेवण ठरवलं. निमंत्रण सगळ्यांना होतं, पण वेळ होती कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराची. उचल घेऊन पाचशे भरणारी ती आई त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरात होती.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. पावत्या होत्या, हिशेब गटावर टाकला होता, पै-पै जुळत होती. आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. पालकांच्या पैशाची चर्चा निघाली की आपण लगेच अफरातफरीवर जातो. पैसे खाल्ले का, बिलं खरी आहेत का, हेच विचारतो. हिशेब स्वच्छ असूनही खर्च चुकीचा असू शकतो, कारण तो पैसा कुणाचा हेच आपण ठरवलेलं नसतं. देणाऱ्याला वाटतं तो आपला आहे. खजिनदारीणबाईंना वाटतं, राबले मी, तेव्हा निर्णयही मीच घेईन. शाळेला वाटतं, आमच्या नावावर जमला म्हणजे आमचा. माझं म्हणणं असं की वर्गणी दिल्याक्षणी ती देणाऱ्याची राहत नाही. ती त्या वर्गातल्या सगळ्या मुलांची होते. ज्यांनी दिली नाही त्यांचीही, आणि पुढच्या वर्षी त्या बाकांवर येऊन बसतील त्यांचीही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहिलेल्या वाचकाला यात नवीन काही वाटू नये. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात जाते. भरणारा पाच वर्षांनी घर विकून जातो, पण जाताना कुणी आपला हिस्सा काढून मागत नाही. इमारत म्हातारी होईल तेव्हा जो राहत असेल त्याच्यासाठी ती तजवीज असते, हे आपल्याला कळतं. शाळेच्या वर्गणीत मात्र हेच आपल्याला कळेनासं होतं, कारण मूल पुढच्या वर्गात गेलं की आपला त्या वर्गाशी संबंध संपला असं वाटतं.

कायद्याने मात्र हा विचार केलेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम. या रचनेत पालकाला स्थान मिळतं ते त्याचं मूल त्या शाळेत आहे म्हणून. त्याने किती दिले याचा प्रश्नच येत नाही. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समिती लागू नाही. म्हणजे सेम्मंजेरीच्या वसाहतीत राहणाऱ्या आईला सरकारी शाळेत कायद्याने जो आवाज आहे, तो तिच्या मुलाला खाजगी शाळेत जागा मिळाली की उरत नाही.

तामिळनाडूने २०२२ मध्ये या समित्या नव्याने बसवल्या. तमिळमध्ये त्यांना ‘पळ्ळि मेलाण्मै कुळु’ म्हणतात. तेव्हा वीस सदस्य होते, त्यांतले पंधरा पालक, अध्यक्षही पालकच. ठरल्या दिवशी बैठक भरते आणि ठराव सरकारी अॅपवर चढवावे लागतात. बैठकीत विषय काय असतात? नळ, संडासाचं दार, कुंपणाची भिंत, गळती. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार अनुदान मिळतं. ठरवून दिलेलं मान असं आहे : तीस मुलांपर्यंत १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख, त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर. हजारावर मुलं असलेल्या शाळेला वर्षाला एक लाख म्हणजे मुलामागे शंभर रुपयेही नाहीत. खाजगी शाळेतल्या एका वर्गाचा गट मुलामागे पाचशे जमवून भेटवस्तू आणि खाऊ यांवर खर्च करतो.

आणि हे शंभरही हाताशी राहत नाहीत. २०२१ नंतर केंद्राच्या योजनांचा पैसा एका मध्यवर्ती खात्यात राहतो आणि शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं. गैरवापर आणि पडून राहणारा पैसा यांवर हा उपाय चांगलाच होता. पण त्यामुळे समितीला शिल्लक टाकण्याची सोयच राहिली नाही. या वर्षी थोडे, पुढच्या वर्षी थोडे असे साठवून तिसऱ्या वर्षी भिंत बांधू, असा घरातली कोणतीही बाई करते तो विचार शाळा करू शकत नाही. मग मार्चएंडला रंग, खडू, झाडू आणि कपाटं यांची एकदम खरेदी होते. त्यातच केंद्र आणि राज्य यांचा वाद आला. केंद्राची पीएमश्री शाळा योजना आणि राष्ट्रीय शिक्षण धोरण यांवरून तामिळनाडूचे २०२४-२५ चे समग्र शिक्षेचे सुमारे २,१५० कोटी रुपये अडले आणि राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. पंचवीस टक्के जागांच्या प्रवेशांनाही त्याची झळ बसली.

अशा वेळी पालकांकडे बघितलं जातं. आणि इथेच मला सर्वांत मोठा धोका दिसतो. २०२२ च्या उन्हाळ्यात तामिळनाडू सरकारने शिक्षकांच्या १३,३३१ रिक्त जागा व्यवस्थापन समित्यांमार्फत तात्पुरत्या भरायचं ठरवलं. मानधन महिना ७,५००, १०,००० आणि १२,००० रुपये. उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने सुरुवातीला या भरतीला अंतरिम स्थगिती दिली होती. त्यात पैसा सरकारचा होता, पण नेमणूक समितीच्या गळ्यात. त्याच्या कितीतरी आधीपासून पालक-शिक्षक संघांनी आपल्या वर्गणीतून शिक्षक नेमण्याची रीत इथे होती. गावाला गणिताचा शिक्षक मिळत नाही, मुलं दहावीला बसायची आहेत, मग पालक पैसे काढून कुणा बीएड झालेल्या मुलीला आठ-दहा महिने ठेवतात. त्या पालकांना दोष देण्याची माझी तयारी नाही. मूल दहावीला असताना तत्त्वं कुणाला सुचत नाहीत. पण परिणाम असा होतो की रिकामी जागा कागदावर रिकामी आणि वर्गात भरलेली दिसते. वर्ग चालू आहे म्हटल्यावर ती भरायची घाई सरकारला राहत नाही. आणि त्या मुलीला उन्हाळ्याच्या सुटीचा पगार नाही, पुढच्या जूनची खात्री नाही.

म्हणून पालकांच्या उरलेल्या पैशाला माझी पहिली अट आहे. तो अशा कामाला लावावा जे थांबलं तर कुणाच्या पोटावर पाय येणार नाही. पुस्तकं, पंखे, पाण्याचा फिल्टर, प्रयोगशाळेतल्या काचा, एखाद्या मुलाचा चष्मा. पगार त्यात नको.

श्रीमंत ठिकाणी हाच प्रश्न उलट बाजूने येतो. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलँड शहरात पालक सरकारी शाळांसाठी निधी जमवून जादा शिक्षक ठेवत. सुखवस्तू वस्तीतल्या शाळेत त्यामुळे चित्रकलेला वेगळ्या बाई, गरीब वस्तीत कुणीच नाही. तिथे अनेक वर्षं असा नियम होता की शाळेने जमवलेले पहिले १० हजार डॉलर तिचे, त्यापुढच्या रकमेतला एक तृतीयांश शहराच्या सामाईक निधीत, जो गरज असलेल्या शाळांना जाई. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका-मालिबू शिक्षण विभागाने २०११ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं : जादा शिक्षकांसाठीचा निधी शाळावार न जमवता सगळ्या विभागाचा एकत्र जमवायचा. मालिबूतल्या पालकांनी जोरदार विरोध केला. आमच्या मुलांसाठी आम्ही देतो, तो दुसरीकडे का जावा, हा त्यांचा प्रश्न होता. शोळिंगनल्लूरच्या कुठल्याही गटात मी हा विषय काढला तर पहिला प्रश्न हाच येईल, म्हणून त्याचं उत्तर देणं भाग आहे.

आपल्याकडचा इतिहास या बाबतीत मालिबूच्या बाजूचा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसा फंड उभा केला तो माणशी एक पैसा या हिशेबाने. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. पैसा हे नाणंच इतकं लहान की देणाऱ्यांत मोठा कुणी होऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा गावोगावचं धान्य वसतिगृहात येई, आणि देणाऱ्या घरातलंच पोर तिथे असेल असं नव्हतं. धान्य कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. इथे तामिळनाडूत कामराज मुख्यमंत्री असताना, एन. डी. सुंदरवडिवेलू शिक्षण संचालक होते तेव्हा, शाळा सुधार परिषदा भरत. गावं फळे, बाकं, जमीन, गणवेश देत आणि जिल्हाभरातल्या शाळा त्यातून उभ्या राहत. या तिन्ही ठिकाणी देणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या पलीकडे बघत होता.

मात्र लोकवर्गणीचा हा वारसा मिरवताना वाबळेवाडी विसरून चालणार नाही. शिरूर तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेला गावाने जमीन दिली, लोकवर्गणी आणि कंपन्यांची मदत मिळाली, काचेच्या भिंतींच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, आणि प्रवेशासाठी भलीमोठी प्रतीक्षायादी लागली. मग २०२१ मध्ये प्रवेशासाठी पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि मुख्याध्यापक दत्तात्रय वारे निलंबित झाले. पुढे चौकशीत ते आरोप टिकले नाहीत. वारे गुरुजींनी त्यानंतर खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा गावाच्या साथीने घडवली आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मी या प्रकरणातून एवढंच घेते : देणगी आणि प्रवेश एकाच महिन्यात, एकाच टेबलावर आले की प्रामाणिक माणसावरही बालंट येऊ शकतं. वर्गणी घ्यायची तर प्रवेश पूर्ण झाल्यावर, आणि कुणी किती दिले हे वर्गशिक्षकालाही कळता कामा नये.

महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यात, जो २०११ चा आहे, आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खाजगी शाळेतल्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. मुंबई-पुण्यात अनेक शाळा ती चिठ्ठी कशी फिरवतात याच्या तक्रारी आहेतच. पण कल्पना मोलाची आहे. पुढाकार घेणाऱ्याकडेच वेळ, इंग्रजी आणि गाडी असते. चिठ्ठीत रिक्षावाल्या बापाचंही नाव निघू शकतं. शोळिंगनल्लूरमधल्या गटांना तो कायदा लागू नाही, पण चिठ्ठी टाकायला कायदा लागत नाही.

आता शिलकीकडे येऊ. समजा वर्गात चाळीस मुलं, छत्तीस जणांनी पाचशे भरले, १८ हजार जमले, १२ हजार खर्च झाले, सहा हजार उरले. परत करू म्हणणारा गट प्रत्येक वर्गात असतो. छत्तीस जणांत वाटले तर माणशी १६६ रुपये आणि वर काही पैसे. चाळिसांत वाटले तर ज्याने दिलेच नाहीत त्यालाही दीडशे मिळतात, आणि त्यावर गटात तासभर वाद होतो. परत करणं काही वेळा आवश्यकच असतं. सहलीसाठी घेतले आणि सहल झाली नाही, तर देणाऱ्याला विचारल्याशिवाय त्या पैशाला हात लावू नये. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाने पेरुंबाक्कम आणि आसपासचा भाग दिवसचे दिवस पाण्यात होता, शाळा बंद होत्या. अशा वेळी रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे मदतीला देणं चांगलंच, पण तेही विचारून. चांगल्या कामासाठी परस्पर वळवलेले पैसेही परस्परच वळवलेले असतात.

सार्वजनिक न्यासांबाबत आपल्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं. मुंबईत १९५० मध्ये झालेल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमात, मूळ हेतू निष्फळ झाला किंवा शिल्लक वापरली जाण्याची शक्यता नसली, तर तो पैसा मूळ हेतूच्या जवळात जवळच्या कामाला लावून घेण्याची सोय आहे. खाजगी शाळांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मॉडर्न स्कूल खटल्यात सांगितलं की वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, पण ती शाळेच्याच कामी यावी. वर्गाच्या गटाला यातलं काहीच लागू नाही. गट नोंदणीकृत नाही, खातं एका आईच्या नावावर आहे, आणि तिच्या नवऱ्याची बदली हैदराबादला झाली तर वर्गाची शिल्लकही हैदराबादला जाते. ती बाई प्रामाणिक असतेच. पण तिच्या प्रामाणिकपणावर आपण वर्षानुवर्षं इतका भार का टाकावा? दोघींच्या नावाचं वेगळं खातं ठेवणं अवघड नाही.

मालिबूच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. सगळा पैसा शेजारच्या शाळेला द्या असं मी म्हणत नाही. वर्षारंभीच, पैसे मागतानाच, लिहून ठेवावं : या या कामांसाठी घेत आहोत, उरले तर निम्मे पुढच्या वर्षी याच वर्गाला, निम्मे अमुक सरकारी शाळेला. ज्याला पटत नाही त्याने तेव्हाच सांगावं. रक्कम एकच ठरवू नये. जमेल तेवढे, पाकिटातून किंवा थेट खात्यात, आणि हिरव्या खुणांची यादी कायमची बंद. तामिळनाडू सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये उद्योगपती वेणु श्रीनिवासन यांच्या अध्यक्षतेखाली ‘नम्म स्कूल’ प्रतिष्ठान सुरू केलं आहे. त्यातून हव्या त्या सरकारी शाळेला देणगी देता येते. तरी मला दुसरी वाट अधिक आवडते. परवानगी घेऊन त्या शाळेच्या समितीच्या बैठकीला जाऊन बसावं आणि काय हवं ते विचारावं. आपण संगणक द्यायला निघालेलो असतो. तिथल्या आया बहुधा मुलींच्या संडासाला आतून कडी नाही असं सांगतील. कडीला, दाराला आणि सुताराच्या मजुरीला मिळून जे लागेल ते आमच्या उरलेल्या सहा हजारांत नक्की बसेल, आणि त्या बैठकीत ठराव लिहून घेणारी, सही करणारी अध्यक्ष कदाचित आमच्याच इमारतीत सकाळी पोळ्या करून गेलेली असेल.